वायरिंगची जबाबदारी तक्रारीवर सोडू नका

घर भाड्याने देताना मालक आपल्या मालमत्तेची काळजी आधीच घेऊन ठेवतो. अनामत रक्कम घेतो, ओळखपत्राच्या प्रती घेतो, भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत असं करारात लिहून घेतो, पंखे-दिवे-नळ मोजून यादीखाली सही घेतो. यात गैर काहीच नाही. आयुष्याची कमाई घालून घेतलेलं घर परक्याच्या ताब्यात देताना कुणीही एवढी खबरदारी घेईल. पण भाडेकरूच्या पदरात त्या दिवशी काय पडतं? एक किल्ली आणि एक तोंडी ग्वाही: ‘लाइटचं सगळं व्यवस्थित आहे, काही बघायला नको.’ बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला, एवढ्या पुराव्यावर माणूस लेकराबाळांना घेऊन त्या घरात राहायला लागतो.

भाड्याच्या घरातलं वायरिंग सुरक्षित आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी घर देणाऱ्याची असली पाहिजे, आणि ती किल्ली हाती देण्याआधी पार पडली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी घडतं ते उलटं. घरात धोका आहे हे भाडेकरूने ओळखायचं, तक्रार त्याने करायची, पाठपुरावा त्याने करायचा आणि मालकाचं मन दुखावलं तर त्याचे परिणामही त्यानेच सोसायचे. गळक्या नळाच्या बाबतीत ही रीत एक वेळ चालून जाईल. विजेच्या बाबतीत ती माणसांच्या जिवावर उठते.

नळ गळतो तेव्हा दिसतो. भिंतीला ओल आली की पोपडे धरतात. वायरिंग बिघडलं तर मात्र पुष्कळदा काहीच बदलत नाही. दिवा कालच्यासारखाच लागतो. अर्थिंगचंच, म्हणजे उपकरणाची बॉडी जमिनीशी जोडणाऱ्या वायरचंच, घ्या. अर्थिंग नसलेल्या घरात कुणाचंही काही अडत नाही. फ्रिज थंड होतो, वॉशिंग मशिन फिरतं, मोबाइल चार्ज होतो. अर्थिंगच्या वायरला रोजचं कामच नसतं. तिचं काम पडतं ते गिझरच्या आतलं एलिमेंट फुटून बॉडीत करंट उतरतो त्या दिवशी. अर्थिंग धड असेल तर तो करंट त्या वाटेने जातो आणि सर्किट बंद पडतं. नसेल तर बॉडी तशीच जिवंत राहते आणि ओल्या हाताने नळाला शिवणारा माणूस ती वाट पुरी करतो. थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक पाहून आपण समाधान मानतो, पण त्याच्या मागच्या टर्मिनलला वायर जोडलेली आहे का, आणि असली तरी ती पुढे कुठे पोचते का, हे बाहेरून कुणालाही कळत नाही. त्याहून वाईट प्रकारही सापडतो: त्या टर्मिनलला न्यूट्रलचाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचाच, एक तुकडा जोडून दिलेला असतो. वरवरच्या तपासणीत अर्थिंग आहे असं भासतं, आणि न्यूट्रल कुठे तुटला की उपकरणाची अख्खी बॉडी फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या जिवंत वायरवर, येते. खिशातला टेस्टर फेज कुठे आहे तेवढंच सांगतो. अर्थिंगबद्दल तो काही बोलत नाही.

एमसीबीबद्दलही, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या बोर्डावरच्या खटक्याबद्दलही, असाच गाढ गैरसमज आहे. ‘घरात एमसीबी आहेत की, मग भीती कसली?’ एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून चांगलाच जास्त करंट वाहायला लागला तर पडतो. माणसाच्या हृदयाचा ताल बिघडवायला त्याचा अगदी क्षुल्लक अंश पुरतो. म्हणून जीव वाचवण्यासाठी जो आरसीसीबी बसवतात, तो वायर सोडून भलतीकडे ३० मिलिअँपिअर करंटची गळती झाली तरी पडेल असा बनवलेला असतो. १६ अँपिअर आणि ३० मिलिअँपिअर यांत पाचशे पटींहून जास्त अंतर आहे. ज्या घरात फक्त एमसीबी आहेत, त्या घरात शॉक बसलेल्या माणसाच्या अंगातून करंट वाहत राहील आणि बोर्डावरचा एकही खटका हलणार नाही. ही गोष्ट भाडेकरूला कुणी सांगितलेली नसते. बऱ्याच मालकांनाही ती माहीत नसते, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता एक जळका सॉकेट जवळून पाहू, कारण या प्रश्नाचा बराचसा गुंता त्या एका वस्तूत आहे. गिझर किंवा इस्त्री लावायचा १६ अँपिअरचा सॉकेट. एका भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक आधी पिवळसर होतं, मग तपकिरी, मग काठ किंचित वितळून आत वळतो. पिन काढली तर बोटांना चटका बसतो आणि तिच्या पितळेवर काळसर डाग दिसतो. कधी जळक्या प्लास्टिकचा उग्र वास येतो, कधी आत बारीक चरचर ऐकू येते. मागे बहुधा एवढंच झालेलं असतं की टर्मिनलचा स्क्रू सैल पडला आहे. वायर आणि पितळ यांची पकड सुटली की त्या बिंदूवर रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा अँपिअर करंट वाहत असताना त्या जागी अर्धा ओहम रोध जरी आला, तरी तिथे पन्नास वॅट उष्णता तयार होते. नखाएवढ्या जागेत पन्नास वॅट! सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटवर टाका वितळवते. आणि करंट तर दहाच अँपिअर आहे, म्हणून एमसीबी ढिम्म. गळती काहीच नाही, म्हणून आरसीसीबीही ढिम्म. संरक्षणाची सगळी साधनं जागेवर असताना भिंतीतला तो बिंदू रोज थोडा थोडा करपत राहतो.

अशा वेळी भाडेकरू मालकाला फोन करतो. मालक म्हणतो, ‘सॉकेट बदलून घ्या, तुम्हीच वापरता ना.’ आणि नियमही त्याच्याच बाजूने बोलतो. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायदा, म्हणजे राज्यांनी स्वीकारावा असा नमुना, मंजूर केला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात देखभालीची वाटणी आहे: घराच्या आतलं-बाहेरचं वायरिंग मालकाकडे, सॉकेट आणि स्विचची दुरुस्ती भाडेकरूकडे. वाचायला ही वाटणी चोख वाटते. भिंतीतलं त्याचं, भिंतीवरचं याचं. पण जळका सॉकेट हा पुष्कळदा भिंतीतल्या दुखण्याचं बाहेर दिसणारं एकमेव चिन्ह असतो. भाडेकरू कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावतो, तो जुना सॉकेट काढून कचऱ्यात टाकतो, करपलेल्या वायरचं टोक छाटून, ओढूनताणून नव्या टर्मिनलात बसवतो. वर पांढरीशुभ्र प्लेट लागते. आत इन्सुलेशन कुठवर कडक होऊन तडकलं आहे, वायर त्या लोडला पुरेशी जाड आहे का, एकाच सर्किटवर गिझर आणि स्वयंपाकघर दोन्ही टाकलेत का, हे कुणी पाहत नाही. म्हणजे भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने पुरावा नष्ट केला. उद्या तिथून आग लागली तर म्हणतील, सॉकेट यांनीच बसवला होता. या वाटणीत एक ओळ घालायलाच हवी: करपलेला, वितळलेला किंवा गरम होणारा कोणताही सॉकेट, स्विच किंवा होल्डर ही वायरिंगची तक्रार मानली जाईल आणि तिची तपासणी मालक करून देईल.

भिंतीत काय आहे हे भाडेकरूच्या हातात नसतं, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. तांब्याचे भाव चढले म्हणून साधारण १९६५ ते १९७३ या काळात तिथल्या बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी टाकल्या गेल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, तापल्यावर ते जास्त प्रसरण पावतं आणि जोड हळूहळू सैल पडतात. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठीच्या तिथल्या सरकारी आयोगाने काढलेला निष्कर्ष असा की १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम वायरिंगच्या घरात एखादा जोड आग लागण्याच्या स्थितीला पोचण्याची शक्यता तांब्याच्या वायरिंगपेक्षा ५५ पटींनी जास्त असते. बिल्डरने केलेली एक काटकसर, आणि तिचा धोका पत्करतो पन्नास वर्षांनंतर तिथे राहायला आलेला माणूस, ज्याला ती वायर कधी दिसलेलीच नाही.

कायद्यात भाडेकरूसाठी काहीच नाही असं नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की मालमत्तेत एखादा महत्त्वाचा दोष असेल, मालकाला तो माहीत असेल आणि भाडेकरूला नेहमीची काळजी घेऊनही तो सापडण्यासारखा नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५७ लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना उपयोगी पडणारं आहे: जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा जो दोष परवाना देणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला माहीत नाही, तो उघड करणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. सव्वाशे वर्षांहून जुनी ही वाक्यं आजही वाचताना न्याय्य वाटतात. भिंतीआडच्या वायरिंगसाठीच लिहिली असावीत इतकी ती चपखल आहेत.

पण दोन्ही कलमांत एक शब्दयोजना आहे, तिच्यापाशी सगळं अडतं: दोष मालकाला माहीत असला पाहिजे. ज्याने घर घेतल्यापासून कधी वायरिंग तपासलंच नाही, त्याला काय माहीत असणार? त्याला न्यायालयात बोलावलं तर तो खरंच सांगेल की मला कल्पना नव्हती. आणि ज्या सज्जन मालकाने पदरचे पैसे खर्चून तपासणी केली, दोष सापडला पण दुरुस्ती लगेच जमली नाही, तो मात्र अडकेल. थोडक्यात, न तपासणारा सुरक्षित आणि तपासणारा गोत्यात. जोवर कायदा माहिती असण्याला शिक्षा आणि अज्ञानाला माफी देतो, तोवर कुठला मालक आपणहून मीटर लावून पाहील? तपासणी सक्तीची केली की ही पळवाट बुजते. मग ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर उरत नाही, कारण माहीत करून घेणं हेच त्याचं कर्तव्य झालेलं असतं.

भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून ते पैसे भाड्यातून वळते करायचे, ही सोयही जुनीच आहे. कलम १०८ मध्ये ती आहे, महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्येही आहे. तिथे किमान पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. कडी, कौल, नळ यांसाठी हे ठीक. दोन खोल्यांचं कन्सील्ड वायरिंग उखडून नवं टाकायचं काम एवढ्या रकमेत कसं बसवायचं? शिवाय भिंत फोडायची तर मालकाची परवानगी हवी, आणि तो तर आधीच टाळाटाळ करतोय. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा तर कायद्याच्या लेखी भाडेकरूच नसतो, परवानाधारक असतो, त्यामुळे भाडेकरूसाठी लिहिलेल्या या सोयी त्याच्यापर्यंत सहजी पोचत नाहीत.

तक्रार न करण्यामागचं खरं कारण मात्र कलमांच्या पलीकडचं आहे. घर जाईल, ही भीती. करार अकरा महिन्यांचा असला की दहाव्या महिन्यात कुणीही तोंड उघडत नाही. नळाला शॉक बसतो असं सांगितल्यावर ‘पायात रबरी चप्पल घालून आंघोळ करत जा’ असा सल्ला मिळालेली माणसं मला भेटली आहेत, आणि ती खरोखर चप्पल घालून आंघोळ करत होती. अडाणी होती म्हणून नव्हे. मुलांची शाळा जवळ होती, दुसरं घर मिळायला वेळ लागणार होता, आणि ‘कटकटे भाडेकरू’ हा शिक्का दलालांमध्ये फार लवकर पसरतो.

ही भीती काल्पनिक नाही हे एका न्यायालयाने फार पूर्वी मान्य केलं आहे. वॉशिंग्टन शहरात इव्हॉन एडवर्ड्स या बाई महिना-महिन्याच्या करारावर भाड्याने राहत होत्या. घराच्या दुरवस्थेबद्दल त्यांनी सरकारी खात्याकडे तक्रार केली. तपासणीत चाळीसहून जास्त नियमभंग सापडले आणि मालकाला दुरुस्तीचा आदेश निघाला. मालकाने, नेथन हबीब यांनी, एडवर्ड्स यांना तीस दिवसांत घर सोडण्याची नोटीस दिली. कागदावर त्यांचा हक्कच होता. महिन्याच्या करारात कारण द्यावं लागत नाही. १९६८ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की कारण न देता घर सोडायला सांगता येत असलं, तरी तक्रार केल्याचा सूड म्हणून सांगता येणार नाही. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो: तक्रार करणाऱ्याला बेघर करता येत असेल तर कुणी तक्रारच करणार नाही, आणि मग सुरक्षिततेचे सगळे नियम कागदावरच राहतील. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच न्यायालयाने जॅव्हिन्स खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितलं की घर राहण्यायोग्य ठेवण्याची हमी प्रत्येक निवासी भाडेकरारात गृहीतच आहे, ती लिहिलेली असो वा नसो. आणि भाडं देण्याची जबाबदारी या हमीशी बांधलेली आहे.

सूडाच्या नोटिशीपासून संरक्षण हवंच. तक्रारीनंतर ठरावीक काळात घर सोडायला सांगितलं तर त्याचं दुसरं खरं कारण मालकानेच सिद्ध करावं, असा नियम असावा. पण मी तेवढ्यावर थांबणार नाही, कारण संरक्षण कितीही भक्कम असलं तरी पहिलं पाऊल पुन्हा भाडेकरूनेच टाकायचं असतं, आणि ते टाकण्यासाठी त्याला आधी धोका दिसावा लागतो. जो दिसत नाही असं आपण वर पाहिलं.

म्हणून इंग्लंडने २०२० साली जे केलं ते मला जास्त पटतं. खासगी भाड्याच्या घरांसाठी तिथे नियम आला: दर पाच वर्षांनी किमान एकदा पात्र व्यक्तीकडून वायरिंगची तपासणी, अहवालाची प्रत भाडेकरूला, आणि दोष निघाला तर २८ दिवसांत, किंवा अहवालात त्याहून कमी मुदत सांगितली असेल तर तेवढ्या मुदतीत, दुरुस्ती. नव्या करारांना तो १ जुलै २०२० पासून लागू झाला, जुन्यांना १ एप्रिल २०२१ पासून. मोडणाऱ्याला ३० हजार पौंडांपर्यंत दंडाची तरतूद झाली. नव्या भाडेकरूला अहवाल राहायला येण्याआधीच द्यावा लागतो. स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांच्या तपासणीचा नियम त्याआधीच, २०१५ पासून होता. फ्रान्समध्ये वायरिंग पंधरा वर्षांहून जुनं असेल तर भाडेकराराला विजेच्या तपासणीचा अहवाल जोडावा लागतो, आणि तो सहा वर्षं चालतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात दर दोन वर्षांनी तपासणी आहे. सगळीकडे सूत्र एकच: भाडेकरू आजारी आहे, घाबरट आहे, अशिक्षित आहे की वकील आहे, यावर काही अवलंबून राहत नाही. तारीख आली की तपासणी होते.

इंग्लंडच्या अहवालातली दोषांची प्रतवारी मला विशेष आवडते. पहिल्या प्रतीचा दोष म्हणजे धोका आत्ता समोर आहे, उदाहरणार्थ हात लागेल अशी उघडी जिवंत वायर. दुसऱ्या प्रतीचा म्हणजे आणखी एखादी गोष्ट बिघडली की धोका. तिसऱ्या प्रतीचा म्हणजे सुधारणा केली तर बरं. पहिल्या दोन प्रतींत दुरुस्ती सक्तीची, तिसरीत सल्ला. यामुळे मालकाची ‘सगळं घर उखडायला लावतील’ ही धास्ती बरीच कमी होते, आणि भाडेकरूलाही कळतं की आज रात्री कोणतं सर्किट बंद ठेवायचं.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी ऐकले आहेत, आणि सगळे फेटाळण्यासारखे नाहीत. भाडी वाढतील, हा पहिला. पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या तपासणीचा खर्च साठ महिन्यांच्या भाड्यावर पसरला तर उरतो किती? दुरुस्तीचा खर्च मोठा असू शकतो हे खरं, पण तो तपासणीमुळे निर्माण झालेला नाही. तो आधीच देणं होता. आजवर त्याचा हप्ता भाडेकरू धोका पत्करून भरत होता. ज्या मालकाचं घर हेच म्हातारपणीचं उत्पन्न आहे, त्याच्यासाठी स्वस्त कर्ज असावं, करात सवलत असावी, तातडीचं नसलेलं काम टप्प्याटप्प्याने करायची मुभा असावी. मुभा वेळेची द्यावी. धोक्याची नको.

भाडेकरूच वाटेल तशी उपकरणं लावतो, हा दुसरा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. एका सॉकेटला मल्टिप्लग, त्याला एक्स्टेन्शन, त्यावर हीटर, असं करणारे भाडेकरू आहेत. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळणारे आहेत. मालकाला न विचारता एसी बसवून घेणारेही आहेत. त्यांच्यावर जबाबदारी टाकायलाच हवी. पण ती कशाच्या आधारावर टाकणार? घर ताब्यात देताना वायरिंग कसं होतं याचा कागदच नसेल, तर कुणी काय बिघडवलं हे ठरवायचं कसं? किल्ली देतानाचा अहवाल प्रामाणिक मालकाचाही बचाव करतो. प्रत्येक सर्किट किती लोडचं आहे हे त्यात लिहिलेलं असेल, तर ‘मला कुणी सांगितलं नाही’ हे भाडेकरूलाही म्हणता येणार नाही.

अहवाल विकत मिळतील, हा आक्षेप मला सगळ्यात जास्त सतावतो. घरी न येता सही-शिक्का मारून देणारे निघतील, यात शंका नाही. त्यावर माझ्या मते एकच उपाय थोडाफार चालतो: अहवालात ‘ठीक’ असा शेरा नको, मोजलेले आकडे हवेत. पाचशे व्होल्ट देऊन मोजलेला इन्सुलेशनचा रोध किती मेगाओहम आला, निदान एक तरी आला का. अर्थिंगची वाट मीटरने मोजली तर किती रोध दाखवते. आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला. बोर्ड उघडा असतानाचे फोटो, तपासणाऱ्याचा परवाना क्रमांक, आणि खोटा आकडा लिहिल्याचं सिद्ध झालं तर परवाना रद्द. आकडे खोटे लिहिता येतात, पण पुढच्या तपासणीत ते उघडे पडतात. ‘ठीक’ कधीच उघडं पडत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. सगळ्यात धोकादायक वायरिंग असतं ते सगळ्यात स्वस्त खोल्यांत, जिथे करारच नसतो, मीटर तिसऱ्याच्या नावावर असतं आणि एका जोडणीवर चार बिऱ्हाडं जगतात. तिथे सक्ती केली तर मालक खोली बंद करेल आणि माणसं रस्त्यावर येतील. ही भीती खरी आहे. पण तिचा निष्कर्ष ‘गरिबांच्या खोल्या नियमातून वगळा’ असा काढला तर सुरक्षितता ही जास्त भाडं देणाऱ्याचीच चीज होऊन बसते. अशा वस्त्यांत तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, आणि पहिल्या फेरीत दोनच गोष्टी व्हाव्यात: प्रत्येक बिऱ्हाडाला चालू स्थितीतला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पहिल्या प्रतीच्या दोषांची जागच्या जागी दुरुस्ती. करार आहे का, मीटर कुणाचं, हे प्रश्न त्या दिवशी विचारायचेच नाहीत. ते विचारले तर दार उघडणार नाही.

‘पटत नसेल तर घर सोडावं’ असंही सुचवलं जातं. भाडेकरू घर सोडेलही. वायरिंग तिथेच राहील, आणि पुढच्या महिन्यात दुसरं कुटुंब त्याच बाथरूममध्ये त्याच गिझरखाली उभं असेल, कदाचित आधीच्यापेक्षा कमी माहिती असलेलं. म्हणून नोंद माणसाच्या नावावर नको, घराच्या नावावर हवी. जिथे भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे तिथे हे सोपं आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्याच नोंदणीला तपासणी अहवाल जोडणं सक्तीचं केलं, तर नवं खातं, नवी यंत्रणा काही उभारावी लागत नाही. अहवाल नाही तर नोंदणी नाही.

कायदा बदलेपर्यंत भाडेकरूने काय करावं? शॉक बसला, वास आला, सॉकेट तापला तर आधी ते सर्किट बंद करावं. मालकाचा फोन लागेपर्यंत ते चालू ठेवू नये. जळकी वस्तू काढण्याआधी तिचा फोटो घ्यावा आणि काढलेली वस्तू जपून ठेवावी. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवावं, व्हॉट्सॲपवर कळवलं तरी चालेल, पण तारीख राहिली पाहिजे. भाडं एकदम थांबवू नये; बहुतेक ठिकाणी तेच घर खाली करवून घ्यायचं निमित्त होतं. बोर्डात आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून पाहावं. खटका पडला नाही तर तो आरसीसीबी आहे असं धरूच नये. आणि घर पाहायला जाल तेव्हा रंग आणि फरशी पाहून झाल्यावर मुख्य बोर्डाचं झाकण उघडून दाखवायला सांगावं. दाखवायला नकार मिळाला तर तेही एक उत्तरच आहे.

करार अजून व्हायचा असेल, तर त्यात तीन वाक्यं घालून घेता येतात, आणि समंजस मालक त्याला हरकत घेत नाहीत: ‘घराच्या वायरिंगची परवानाधारक तज्ज्ञाकडून तपासणी करून, मोजमापांसह अहवालाची प्रत ताबा देण्यापूर्वी दिली आहे. ताबा असताना वायरिंगमध्ये धोकादायक दोष आढळल्यास घर देणारा तो लेखी कळवल्यापासून सात दिवसांत स्वखर्चाने दूर करील. तसं न झाल्यास घर घेणाऱ्यास नोटिशीच्या मुदतीची अट न लागता, पूर्ण अनामत परत घेऊन करार संपवता येईल.’